हातोहात गेलेली जागा

‘शब्द जपून दे गं. आणि एकदा दिलास, की तो देवाला वाहिलेला समज!’ माझ्या सासूबाईंचं हे सांगणं. मंडळी, मी ते मानते. पण आज एक विचारते. शब्द दोन ठिकाणी दिलेला, आणि दोन्हीकडची हाक एकाच घटकेला आली, तर?

ऐका. यमुना केदारी ही आडवाडीची नर्स. लग्नाआधीपासून कंत्राटावर! एक दिवस वरून कागद आला: तात्पुरत्या बायांचा पगार एक तृतीयांश कमी. का? तर म्हणे, तात्पुरत्या! अहो, हा देहही तात्पुरताच की. म्हणून भगवंत कधी म्हणाला का, ‘आजपासून दोनच श्वास, तिसरा कापला’?

बाया तालुक्याच्या कचेरीसमोर मांडव घालून बसल्या. साहेब म्हणाले, ‘बसा. पण जागा रिकामी दिसली, की मांडव उचलला!’ मग बायांनी भंडारा उचलून शपथ घेतली. सप्ताहात वीणा हातोहात जाते, खाली टेकत नाही ना? तशी आपली जागा! दुसरी बसल्याशिवाय पहिलीनं उठायचं नाही.

दुपारी आडवाडीची गुणाबाई रिक्षातून उतरली, धापा टाकत आली. ‘यमुनाताई, चला! सून अडलीय, दवाखान्याची गाडी येईना. बाळंतपणाला येईन म्हणाला होतात!’

शेजारची शेवंता फणकारली, ‘पगार कापला तेव्हा कुठं होतात मावशी?’

‘मला काय कळतंय तुमच्या पगारातलं!’

बदलीच्या बाया जेवायला गेलेल्या. यमुना म्हणाली, ‘मावशी, तुम्ही बसा इथं.’

‘मी? मी काय सरकारी नोकर?’

‘बसायला नोकरी लागत नाही. तुम्ही टेकलात, की मी उठले.’

गुणाबाई टेकली! यमुना त्याच रिक्षात बसली. थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. ‘आजी, तुम्ही कोण?’

‘माझी सून जिच्या हातात आहे, तिची बदली!’

साहेब आत गेले.

तिन्हीसांजेला यमुना परतली. ‘मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.’ गुणाबाईनं डोळे पुसले, पण उठली नाही. ‘तू बस आधी,’ म्हणाली. यमुना बसल्यावर उठली. ‘उद्या येते गं.’

मंडळी, पगार अजून कापलेलाच आहे. अडल्यावेळी ‘ताई, चला’ म्हणणारे आपण. त्या मांडवात आपल्यातलं कोण टेकलं? उत्तर मला नको. घरी जाऊन देवापुढं द्या.

दुसऱ्या दिवशी गुणाबाईनं सुनेला पेज भरवली, नातीला दुपट्यात गुंडाळून तिच्या कुशीत दिलं. चार भाकरी फडक्यात बांधल्या, दार हळूच ओढून घेतलं, आणि तालुक्याच्या वाटेला लागली.