उपग्रहाची शांती

मंडळी, एक प्रश्न टाकतो, पण उत्तराची घाई करू नका. वरून बघणाऱ्यापुढं माणसानं नटावं की नाही? खांबाला टेकलेले आजोबा, तुम्ही मान हलवलीत, पण जागेपणी हलवलीत की झोपेत? असो. ऐका!

पिंपळझरी नावाचं धरण. काठाला भोयांची वस्ती. वस्तीतल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन पुंजाराम. माणूस कसा? नुसत्या पाण्याच्या वासावरून मासा कुठं आहे ते सांगणारा! आणि अशा जाणत्या माणसाचं काय होतं, मंडळी? त्याला कुणीतरी एक नवा शब्द सांगतं. झालं!

मत्स्य खात्याच्या डोईफोडे मॅडम आल्या. म्हणाल्या, "पुंजारामभाऊ, धरणात मासे वाढवायचे पिंजरे बसवायचेत. पण एकाच कोपऱ्यात. तुमच्या, नाहीतर समोरच्या सावरखेड्याच्या. उपग्रह बघून ठरवणार. दर पाच दिवसांनी सकाळी साडेदहाला त्याची दृष्टी धरणावर पडते, आता येत्या गुरुवारी. पाणी हिरवट दिसलं की समजायचं, माशाला खायला भरपूर आहे."

मॅडम गेल्या. पुंजाराम जागीच बसला. पिंजरे समोर गेले तर वस्तीतली तरणी माणसं वीटभट्टीवर जाणार, त्याचे दोन्ही मुलगेही जाणार. आणि डोक्यात काय घुमतंय? ग्रह! दृष्टी! अहो, शनीची दृष्टी पडली तर राजाचं वाटोळं होतं, आणि हा तर उपग्रह — म्हणजे ग्रहाचा धाकटा भाऊ! धाकटे जास्त कडक असतात. हसू नका, घरी गेल्यावर आठवून बघा.

पुंजाराम तडक गुरुजींकडं गेला.

"गुरुजी, उपग्रहाची शांती करायचीय."

गुरुजींनी पंचांग मागंपुढं चाळलं. नाही म्हणायची सवय नाही! "त्याला आवडतं काय?"

"हिरवं."

"मग बुधाच्या घराण्यातला दिसतो. मूग दान कर, हिरवं वस्त्र पांघरव."

"कुणाला?"

"ज्याच्यावर दृष्टी पडते त्याला."

मंडळी, दृष्टी कुणावर? धरणावर!

वस्तीत एक हिरवं लुगडं दोरीवर राहिलं नाही. शेडनेटच्या जाळ्या आल्या, मंडपवाल्याचं कापड आलं. पुंजारामनं बायकोच्या लग्नातल्या शालूलाही हात घातला. कौतिकाबाई म्हणाली, "अवो, पाण्याला थंडी वाजती का?" काय चुकीचं बोलली? पण ऐकतो कोण! सगळं एकाला एक शिवलं, होड्यांना बांधलं, अख्खा कोपरा झाकला. गुरुवारी साडेदहाला, दृष्टीच्या मुहूर्तावर, वस्ती आंघोळ करून काठावर हात जोडून उभी! पुंजाराम वर बघून म्हणतोय, "बाबा, पोटभर बघ."

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मॅडम नकाशा घेऊन आल्या. चेहरा कसनुसा. "भाऊ, संगणक म्हणतो तुमच्या कोपऱ्यात पाणीच नाही. शेडनेटमधली ढोबळी मिरची आहे. पीकपाहणीला माणूस निघालाय."

आला की हो तो! होडीत बसून, वही काढून, मिरची शोधतोय!

मग मॅडमनी दुसरा नकाशा उलगडला, शांतीच्या आधीचा. सबंध धरणात एकच कोपरा हिरवा होता. पुंजारामचा.

"काहीच केलं नसतंत तर पिंजरे तुमचेच होते," मॅडम म्हणाल्या. "परवा पुन्हा दृष्टी आहे. तीच शेवटची."

पुंजाराम तसाच पाण्यात उतरला आणि दातांनी टाके तोडायला लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं, होतं तेच झाकलं मी," तो बायकोला म्हणाला.

"मग आता उघडा," ती म्हणाली, आणि पदर खोचून पाण्यात शिरली. मागून सगळी वस्ती उतरली.

रविवारी वरच्यानं उघडं पाणी बघितलं. त्या वस्तीतलं कुणी वीटभट्टीवर गेलं नाही, एवढं सांगतो आणि थांबतो.

आता तुमची पाळी! तुम्ही इथं येताना काय काय पांघरून आलात? कुणी कपाळभर गंध, कुणी देणगीची पावती — खिशातून कोपरा दिसेल अशी! अहो, तो वरून बघणारा पाच दिवसांनी येत नाही. ढगही त्याला आडवा येत नाही. त्याला तुमच्यात जे हवंय ते तुमच्याकडं आहेच. घातलीय ती वरची झूल, तुम्हीच घातलीय. मग तो बिचारा करणार काय? तुमच्या नावापुढं लिहितो — इथं पाणी आढळलं नाही.