काउंटेसचा लिलाव

...आणि वर ती पोरगी मलाच विचारते, "कॉलमन, तुमची ही काउंटेस गाय नेमकी करते काय?" करते काय म्हणजे? अहो, गाय आहे ती, पोस्टमास्तर आहे का! उभी राहते, चरते, रवंथ करते, कंटाळा आला की जिभेनं फाटकाची कडी काढून बाकीच्या गुरांना फिरायला नेते... आणखी काय करायचं बिचारीनं?

पण नाही! डर्व्हला म्हणजे आमच्या शेतकरी गटाची सल्लागार. वय माझ्या गमबुटांपेक्षा कमी, पण नफा कसा वाढवायचा ते हिला विचारा. मांसाची गुरं पाळायची तर गाईमागे दरवर्षी एक वासरू, आणि वासरू न देणारी गाय म्हणजे फुकटचा पाहुणा, तिला वाटेला लावा. "भावना बाजूला ठेवा, कॉलमन. हिशेब म्हणजे हिशेब!"

आता तुम्हाला सांगतो, आम्हा रॉसकॉमन परगण्यातल्या लोकांत शिवारफेरी म्हणून एक प्रकार आहे. सगळा गट एकाच्या शेतावर जमतो, फाटकाला रेलतो, त्याच्या गुरांना मनसोक्त नावं ठेवतो आणि मग त्याच्याच स्वयंपाकघरात बसून त्याचंच हॅम-सँडविच खातो. नावं ठेवण्यात माझा हात कोण धरणार! मॅलकी बेअर्नच्या शेतावर एक भाकड गाय दिसली, तर मी भर गटात विचारलं होतं, "काय रे मॅलकी, या बाई पेन्शनवर असतात का?" लोक हसून हसून चिखलात बसायचे राहिले होते.

मग फेरी आली माझ्याकडे. काउंटेस कुंपणाजवळ उभी, दोन वर्षं भाकड, अंगानं ही एवढी! मॅलकीनं काय करावं? नुसती टोपी काढली आणि गाईला वाकून नमस्कार केला! सगळे फिदीफिदी... आणि माझी जीभ, ती कधी माझं ऐकते का? "शनिवारी बाजारात नेतोय तिला!" म्हणालो. "हिशेब म्हणजे हिशेब!"

वाटलं, घरी अट्रॅक्टा तरी अडवेल. बायको आहे ना माझी! पण तिचं नि काउंटेसचं जुनं वैर. दोरीवरच्या तीन चादरी चघळल्यात त्या गाईनं. "ने," म्हणाली, "आनंदानं ने! घरात एक खाऊन बसणारा आहे तेवढा पुरे आहे मला." आणि पातेलं असं आदळलं की कुत्रा टेबलाखाली!

शनिवारी सकाळी माझी टोपी सापडेना. तसाच बोडक्यानं निघालो. अट्रॅक्टा म्हणाली, बहिणीकडे जाते. जा बाई, म्हटलं, निदान कुणाचा तरी दिवस बरा जाऊ दे.

आमच्याकडे गुरांच्या लिलावात गाईचा मालक लिलाववाल्याशेजारी चौथऱ्यावर उभा राहतो. भाव पटला नाही तर मान हलवायची, पटला तर होकार द्यायचा. पण काउंटेसच्या डोळ्यांत बघून होकार देणार कोण? मी? मॅलकीला म्हटलं, "गड्या, आज गुडघा फार धरलाय, माझ्या जागी तू उभा राहतोस?"

"राहतो की. कितीला सोडू?"

"येईल त्याला दे रे."

त्यानं माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाला, "फारच धरलाय हं."

मी कडेच्या कठड्याला गर्दीत जाऊन उभा राहिलो. समोर कत्तलखान्याचा खरेदीदार. दातात काडी, चेहरा थंडगार, भुवई उचलली की एक गाय गेली! काउंटेस आत आली. बाकीच्या गाई कशा भेदरून पळतात? ही चालत मधोमध आली, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि सावकाश शेण टाकलं. त्या माणसाची भुवई वर गेली... आणि तुम्हाला सांगतो, माझा हात आपोआप वर! मी ठरवलं नव्हतं हो, हातानं ठरवलं! मग म्हटलं, घेऊन टाकू, दलदलीपलीकडच्या रानात ठेवू, कुणाला कळतंय? हिशेब म्हणजे हिशेब, पण तो सोमवारपासून!

भुवई वर, माझा हात वर. भुवई, हात... शेवटी त्या माणसानं काडी थुंकली आणि पाठ फिरवली. वाचली! मी आनंदानं असा पुढे झुकलो, की कठडा नसता तर मीच रिंगणात पडलो असतो आणि विकला गेलो असतो.

तर लिलाववाला ओरडतो, "खांबामागून आणखी!"

आणखी? कोण हा गाढव? अहो, म्हाताऱ्या भाकड गाईला एवढा भाव? मी वाढवला, त्यानं वाढवला. मी पुन्हा वाढवला. आणि चौथऱ्यावर मॅलकी! आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघतोय आणि मान हलवतोय, "नाही नाही, एवढ्यात नाही परवडत मालकाला!" येईल त्याला दे म्हटलं होतं ना रे, हलकटा? मी मान लांब करून खांबामागे बघितलं. टोपी दिसली. ओळखीची टोपी... माझीच टोपी! तिच्याखाली अट्रॅक्टा!

माझा हात अर्ध्यावरच राहिला. मॅलकीनं लगेच होकार दिला, हातोडा पडला. "विकली!" लिलाववाल्यानं घेणारणीचं नाव बघितलं, विकणाऱ्याचं बघितलं, आणि शहाणा माणूस, नुसता खोकला.

परत येताना ट्रेलरमध्ये काउंटेस, पुढे आम्ही दोघं. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "बहीण काय म्हणाली?" अट्रॅक्टा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चादरी काय, नवीन मिळतात." अहो, इतकं बरं मला लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, संपलं. कुठलं! मंगळवारी गटाची बैठक. डर्व्हला हातात बाजारभावाचा कागद घेऊन उभी. "भाकड गाईला या वर्षीचा सगळ्यात जास्त भाव कुणी मिळवला? आपल्या कॉलमननी! शिका जरा!" टाळ्या! सगळ्यात जोरात मॅलकीच्या. "पुढची शिवारफेरी कॉलमनकडेच. विक्रीआधी गाय कशी तयार केली हे ते सगळ्यांना दाखवतील."

परवा येतायत. सगळेच्या सगळे. घरी येऊन अट्रॅक्टाला म्हटलं, "एवढी थोरली गाय लपवू कुठे गं मी?"

"गाय कशाला लपवायची?" ती चादरी वाळत घालत म्हणाली. "तिला कोण प्रश्न विचारणार आहे? तू लप."