चेहऱ्यावर फोकस

सून : बाबा, हात हलवू नका. मनगटाचं हाड वर आलंय.

सासरे : हाताचं राहू दे. कॅमेरा कुठाय?

सून : माझ्या गळ्यात. तुम्हाला दुकानात ओढून घेतलं तेव्हाच काढून घेतला. खालचं शटर लावलंय, मागच्या जिन्याच्या दाराला कडी घातलीय. आता या खोलीतून हलायचं नाही.

सासरे : फुटला तर नाही ना?

सून : तुमचा हात फुटलाय आणि तुम्ही कॅमेऱ्याचं विचारताय! पुढची काच तडकलीय.

सासरे : ते फिल्टर. मार खायलाच असतं ते. फिरवून काढून टाक, आतलं भिंग बघ.

सून : भिंग चांगलं आहे.

सासरे : मग खिडकीशी जा. पडद्याआडून बघ आणि सांग मला.

सून : घड्याळवाल्या काकांना बाहेर काढलंय. पायरीवरून फरफटत नेतायत... डोक्यात घातलं, बाबा. काहीतरी घातलं त्यांच्या डोक्यात.

सासरे : पोलिसांना फोन—

सून : लावलाय हो. गाडी निघालीय म्हणतात. मघापासून निघालीच आहे.

सासरे : एक दिवस दुकान उघडं ठेवलं म्हणून! बाजाराचा दादा म्हणाला बंद, याने कुलूप लावलं नाही. एवढ्यासाठी माणूस मारतात? बाजूला हो, मी खाली जातो.

सून : एकदा गेलात आणि हे करून आलात. पुन्हा गेलात तर मी एकटी तुम्हाला उचलून आणू शकणार नाही. बसा!

सासरे : मग तू काढ.

सून : काय काढू?

सासरे : फोटो. उद्या सगळे म्हणतील आम्ही तिथे नव्हतोच.

सून : मला कुठे येतं? तुम्ही काढायचे आणि मी कंप्युटरवर उजळ करायचे, एवढंच येतं मला.

सासरे : मी सांगतो. तोंड शाबूत आहे माझं. आधी फ्लॅश. वर उभा असेल तर खाली दाब. खिडकीत उजेड चमकला की सगळे वर येतील.

सून : दाबला.

सासरे : वरचं गोल चाक 'एस'वर आण. आता अंगठ्याखालचं छोटं चाक फिरव. पाचशे दिसेपर्यंत.

सून : पाचशे म्हणजे?

सासरे : सेकंदाचा पाचशेवा भाग. कॅमेऱ्याचं शटर तेवढंच उघडणार. सावकाश ठेवलंस तर उगारलेल्या हाताचा नुसता फराटा येतो, कुणाचा हात ते कळत नाही.

सून : केलं. पण सगळं काळं दिसतंय. टायर पेटवलेत त्यांनी, धूर आहे.

सासरे : आयएसओ वाढव. वरचं बटण धरून चाक फिरव. बत्तीसशे.

सून : दाणे येतील ना? वाळू सांडल्यासारखे? तुम्हीच ओरडता माझ्यावर.

सासरे : येऊ देत. लग्नाचा अल्बम नाही हा. 'एफ'पुढे काय आकडा आहे?

सून : दोन पॉइंट आठ.

सासरे : म्हणजे छिद्र पूर्ण उघडलंय. याहून जास्त उजेड आत येणार नाही. पण अ‍ॅपर्चर एवढं उघडं असलं की एकाच अंतरावरचं स्पष्ट येतं, पुढचं-मागचं धूसर. म्हणून फोकस चेहऱ्यावर. बटण अर्धं दाब, चौकोन हिरवा झाला की पूर्ण.

सून : चौकोन एका जागी राहतच नाहीये.

सासरे : कोपरं छातीशी आवळ. श्वास सोड आणि मग दाब.

सून : त्यांनी काकांचा हात पायरीवर धरून ठेवलाय. उजवा. एकाकडे हातोडा... बोटांवर... बाबा, ते बोटांवर मारतायत!

सासरे : दाब!

सून : दाबलं. केवढा खटका झाला. ऐकू गेला असेल?

सासरे : त्या आरडाओरड्यात? नाही. दाबत राहा.

सून : काका आता ओरडतही नाहीयेत.

सासरे : चेहरे घे, पोरी. पाठीवरून कुणी सापडत नाही.

सून : हातोडेवाला घेतला. दादाचा ड्रायव्हर घेतला, लाल शर्ट. दादा स्वतः गाडीला टेकून उभा आहे, तोही घेतला. एक जण पाठमोरा आहे. गज आहे त्याच्या हातात.

सासरे : वळू दे त्याला. तोवर भिंगाची रिंग फिरव, झूम कर. जवळ घे.

सून : घेतलं.

सासरे : वळला?

सून : वळला.

सासरे : मग दाब ना!

सून : बाबा... भावजी आहेत.

सासरे : कोण?

सून : तुमचा धाकटा. धाकटे भावजी.

सासरे : धूर आहे. फोकस बघ नीट.

सून : चौकोन हिरवा आहे.

सासरे : सोडवायला आला असेल. घड्याळवाल्याशी त्याने कधी—

सून : गज वर उचललाय त्यांनी. दाबू? बाबा, दाबू का? बोला ना!

सासरे : ...दाब.

धाकटा : दार उघडा! वहिनी! पडदा हललेला दिसलाय मला!

सून : जिन्याने वर आले. बाबा, उघडू नका.

सासरे : एका लाथेत तुटेल ते दार. उघड.

धाकटा : कॅमेरा आण इकडे. दादाने पाहिलं नाही, नशीब समजा. त्याला कळलं तर तुमच्यासकट दुकान पेटवेल.

सासरे : शर्टावर काय आहे तुझ्या?

धाकटा : बाबा, तुम्ही मध्ये पडू नका.

सासरे : माझा हात मोडला तेव्हा कुठे होतास?

धाकटा : तिथेच होतो. मीच सांगितलं त्यांना, म्हाताऱ्याच्या डोक्यात घालू नका. म्हणून हातावर भागलं.

सासरे : उपकार झाले.

धाकटा : तुम्हाला काय वाटतं, मजा येते मला? आज हात उचलला नसता तर उद्या त्या पायरीवर मी असतो.

सून : काका जिवंत आहेत का?

धाकटा : कॅमेरा, वहिनी.

सून : ते जिवंत आहेत का, ते सांगा आधी!

धाकटा : सोड पट्टा. सोड म्हणतो ना!

सून : आई गं—

सासरे : तिच्या अंगाला हात लावशील तर बघ! सूनबाई, दे त्याला.

सून : बाबा!

सासरे : दे म्हटलं ना.

धाकटा : कार्ड कुठे असतं याचं?

सासरे : फोटोवाल्याचा मुलगा तू. उजवीकडचं झाकण सरकव. कार्ड आत दाबलं की आपोआप बाहेर येतं.

धाकटा : हे मी घेतलं. आणि हा कॅमेराही नको. राहिला की परत काढाल.

सून : भिंतीवर आपटू नका! भावजी!

धाकटा : झालं. आता खिडकीशी जायचं नाही कुणी. हाताला बर्फ लावा त्यांच्या.

सून : गेले... का दिलंत तुम्ही? एवढं सगळं करून का दिलंत?

सासरे : दार लाव आणि कंप्युटरचा माउस हलव.

सून : कशाला?

सासरे : कॅमेऱ्याचं वायफाय मी कधी बंद करतो का? पासपोर्टचे फोटो काढले की तुझ्या स्क्रीनवर येतात ना आपोआप?

सून : देवा. विसरलेच होते मी... आलेत. सगळे आलेत, बाबा.

सासरे : शेवटचा उघड. मोठा कर. आणखी.

सून : नका बघू.

सासरे : तोच आहे.

सून : हो.

सासरे : शार्प आलाय. पापण्यासुद्धा मोजता येतील. पहिल्यांदा कॅमेरा धरला होतास ना?

सून : बाबा, हा एकच डिलीट करू का? बाकीचे राहतील. दादा राहील, हातोडेवाला राहील. तुम्ही म्हणालात तर मी कधी कुणाला सांगणार नाही. हे परगावाहून आले तरी यांनाही नाही.

सासरे : त्याला तरी काय सांगायचं, भाऊ कुठाय म्हणून विचारलं तर?

सून : तुम्ही म्हणाल ते सांगेन.

सासरे : त्याचे डोळे बघ. घाबरलाय. मारताना एवढा घाबरलाय तो... आणि तरी मारतोय.

सून : डिलीट करू?

सासरे : नको. सगळे पाठव. काही उजळ-बिजळ करू नकोस, आहेत तसेच. पोलिसांना पाठव आणि पेपरवाल्यांनाही पाठव. एकाने दाबले तर दुसऱ्याकडे राहतील.

सून : ते आपलं दुकान जाळतील.

सासरे : मी सांगतो ते कर, बाळ. माझ्याने माउस धरवत नाही.

(दोन दिवसांनी, सकाळी. तीच खोली, बंद खिडकी.)

सासरे : खाली कोण बोलत होतं?

सून : काकू. घड्याळवाल्या. पेपरात श्रद्धांजलीसोबत द्यायला काकांचा फोटो हवाय. घरात एकही धड नाही म्हणाल्या.

सासरे : वर नाही आल्या?

सून : या म्हटलं मी. नको म्हणाल्या. शटरपाशीच उभ्या आहेत.

सासरे : त्यांना ठाऊक आहे?

सून : सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. पेपरात आलाय तो फोटो. दादा आत आहे, बाकीचेही. भावजींना सकाळी नेलं कोर्टात, मी गेले होते तिथे. तुमचा हात कसा आहे, विचारत होते.

सासरे : काय सांगितलंस?

सून : मोडलाय म्हणून सांगितलं.

सासरे : अगदी जुन्या फोल्डरमध्ये बघ. आपला पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हाचा. हसताना आहे तो त्यात.

सून : सापडला. दोनच मेगापिक्सेलचा आहे. जरा मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. छोटा छापला तर चालेल... पण बाबा, यात भावजी आहेत. काकांच्या खांद्यावर बसलेत. चार-पाच वर्षांचे असतील.

सासरे : क्रॉप कर.

सून : वरून केला. आता फक्त काका दिसतात. पण पाय राहिले. काकांनी ते छातीशी धरलेत दोन्ही हातांनी. पाय काढायचे तर काकांचे हातही जातात.

सासरे : हातांचं मी कसं ठरवू? छाप आणि घेऊन जा त्यांच्याकडे. विचार.

सून : मी विचारू?

सासरे : मला उतरवत नाहीये गं जिना.

सून : देऊन आले फोटो.

सासरे : काय म्हणाल्या?

सून : हात राहू देत, म्हणाल्या. पाय कुणाचे ते माहीत आहे मला, म्हणाल्या.