पंधरा मण्यांचा दिवा

मला एक सांगा, झाडाला नऊ दिवे पुरत असले, तर माणसानं किती दिवे आणावेत? नऊच ना? तुम्हीही नऊच आणले असतेत की नाही? मग! आणि तरी आमचे हे येईल त्याला सांगत सुटतात, "हिचा हिशोब चुकला." अहो, हिशोब माझा चुकला नव्हता! शाळेत असताना गणिताच्या बाई माझी वही वर्गाला दाखवायच्या... जाऊ दे, बाईंचं नंतर. हे सगळं सुरू कुठून झालं ते ऐका.

सुरू झालं नणंदेपासून. धाकटी आमची. कामासाठी काही महिने परगावी निघाली आणि जाताना लिंबाचं झाड माझ्या हातात ठेवलं. कुंडीतलं, गुडघ्याएवढं, स्वतः बी लावून वाढवलेलं. "वहिनी, दुसऱ्या कुणाकडे दिलंच नसतं हं. तुझ्यावर विश्वास आहे माझा." झालं! नणंदेनं टाकलेला विश्वास किती जड असतो, ते नणंद असलेल्यांना सांगायला नको, आणि नसलेल्यांना सांगून पटायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच समोरच्या इमारतीनं मजल्यावर मजले चढवले. आमच्या खिडकीतलं ऊन गेलं ते गेलंच! दिवसाढवळ्या घरात संध्याकाळ. झाडानं पानं टाकायला सुरुवात केली. रोज केर काढावा तर केरात पानं. तिकडून फोन, "झाड कसं आहे गं?" मी म्हणायची, "मजेत!" आता काय सांगणार? केरात आहे म्हणून सांगू? घरात सगळ्यांवरच मळभ. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, पेपर वाचणं सोडलं. "असतं काय त्यात? तेच ते." असं म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीत नुसते बसून राहायचे, भिंतीकडे बघत. मी म्हटलं, वय झालं. माझं सगळं लक्ष झाडाकडे.

हे म्हणाले, "झाडांसाठी दिवे तयार मिळतात, आण एक." आणला होता हो! जांभळा निघाला! त्या उजेडात घरातलं प्रत्येक माणूस चार दिवस आजारी असल्यासारखं दिसायचं. परत केला आणि म्हटलं, मीच करते. पांढरा. मोबाइलवर बघितलं, कागदावर मांडलं, आणि तुम्हाला सांगते, काही अवघड नाही त्यात.

एलईडीचे मणी मिळतात, वाटाण्याएवढे. ते अॅल्युमिनियमच्या पट्टीवर एकापुढे एक बसवायचे, आगगाडीच्या डब्यांसारखे. ह्याचा मायनस त्याच्या प्लसला, त्याचा मायनस पुढच्याच्या प्लसला... मधे एक जरी उलटा बसला तरी अख्खी गाडी बंद! माझा एकही उलटा बसला नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण भिंतीतली वीज ह्यांना थेट द्यायची नाही, जळून जातात बिचारे. मधे एक डबी लागते, तिला म्हणतात ड्रायव्हर. तो करंट मापात सोडतो. माझे मणी तीनशे मिलीअँपिअरचे, ड्रायव्हर घ्यायचा तोही तीनशेचा. जुळलं! आता व्होल्ट. एक मणी खातो तीन व्होल्ट, कुंडीला पुरतात नऊ मणी, नवत्रिक सत्तावीस. कुठे चुकलं? दुकानदार म्हणाला, "काकू, हा न्या. साठ व्होल्टपर्यंत जातो. मोठा कधीही बरा!" मलाही पटलं. का नाही पटणार? दोन कप चहा मोठ्या पातेल्यात होत नाही का?

झालं, सोल्डरिंग केलं, खिडकीशेजारच्या लांब फळीखाली पट्टी अडकवली, बटण दाबलं... लागला! गेला. लागला! गेला. लागला, गेला, लागला, गेला...

हे म्हणाले, "झाडाला डोळा मारतोय वाटतं."

खुर्चीतून बाबा म्हणाले, "सूनबाई, तो चालू आहे की बंद, हे एकदा ठरवून घे त्याच्याशी."

मग ह्यांनी सल्ला दिला. दिल्याशिवाय राहतील होय? "भार होत असेल त्याला. एक मणी काढ." मी प्लग काढला, एक मणी काढला, मधे तार जोडली, पुन्हा लावला... तर आणखी जोरात डोळा मारायला लागला! तेव्हा मी ड्रायव्हर उलटा केला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, आणि बारीक अक्षरात काय लिहिलेलं असावं? छत्तीस ते साठ व्होल्ट! बघा! दुकानदारानं साठ सांगितलं, छत्तीस गिळून टाकलं! म्हणजे ह्या डबीला जास्त चालतं, कमी चालत नाही. काही घरांत नाही का, पाहुणा कमी जेवला तर घरधनीण रुसते? त्यातली गत. सत्तावीसवर रुसला, चोविसावर आकांडतांडव! आता मला सांगा, सत्तावीस तर सत्तावीसच होते ना? हिशोब माझा चुकला नव्हता, हट्ट डबीचा होता.

दुकानात गेले. "तार जोडलेला माल परत होत नाही, काकू. मणी वाढवा की!" बरं, वाढवते. छत्तीसला बारा लागतात, पण काठावर पास व्हायची सवय मला शाळेतही नव्हती. पंधरा बसवले. पंधरात्रिक पंचेचाळीस, छत्तीस आणि साठच्या मधे, आरामात! हे म्हणाले, "मग दाटीवाटीनं बसव, तेवढ्याच पट्टीत." अहो, मणी तापतात! त्यांना अंतर लागतं. तेव्हा पट्टी झाली लांब. नऊ मणी कुंडीवर आले, आणि उरलेले सहा कुठे? बरोब्बर बाबांच्या खुर्चीवर.

बटण दाबलं. लागला. आणि राहिला! शांत, पांढरा, दुधासारखा उजेड. ह्यांना म्हटलं, "मारा आता डोळा!"

बाबांनी आधी वर बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. मग म्हणाले, "पेपर कुठे ठेवतेस गं हल्ली?" दिला. अहो, तो माणूस पहिल्या पानापासून जो सुटला तो निविदा सूचनांपर्यंत! मधेच मला म्हणतात, "सूनबाई, हल्ली अक्षर मोठं केलंय का गं पेपरवाल्यांनी?"

झाडाची पानं गळलेली मला रोज दिसत होती, केर मीच काढत होते. बाबांचं काही जमिनीवर पडत नव्हतं ना...

पण तुम्हाला सांगते, फार वेळ गहिवरायला सवड मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी खुर्ची टिचभर कुंडीकडे सरकली. मग वीतभर. मग कुंडी कोपऱ्यात, खुर्ची दिव्याच्या मध्यावर! मी म्हटलं, "बाबा, झाडावर सावली येतेय तुमची." तर म्हणाले, "झाडाला कुठे वाचायचंय?" मी कुंडी सरकवायची, त्यांनी खुर्ची सरकवायची. इकडे नणंद यायची वेळ झालेली! शेवटी कुंडी स्टुलावर चढवली, त्यांच्या अगदी गुडघ्याशी, आणि पेपर एका बाजूला धरायचा असं ठरलं. कुरकुरले, पण ऐकलं. आणि मग एके दिवशी पेपरच्या मागून आवाज, "अगं, इकडे ये! पान आलंय!" त्यानंतर आधी पानं मोजायची, मग मथळे वाचायचे, असा क्रमच लागला. कळी आली तीसुद्धा त्यांनीच पहिली बघितली. हिशोब माझा चुकला नव्हता हो. मणी धरले होते, व्होल्ट धरले होते, करंट धरला होता... बाबांना तेवढं धरलं नव्हतं.

नणंद आली. संध्याकाळी. दारातूनच, "वहिनी! हे माझंच झाड? कळी? तुझ्या हाताला गुण आहे हं!" मी अशी फुलले म्हणून सांगू! मणी दाखवले, ड्रायव्हर दाखवला, छत्तीस ते साठ वाचून दाखवलं. ती सगळं नीट ऐकून घेते आणि म्हणते, "म्हणजे आता ह्याला ह्याच दिव्याची सवय झाली असणार, नाही का गं? आणि माझ्या घरात तर ऊन जेमतेमच..."

हे लगेच उदार! "ने की! ही दुसरा करेल." ह्यांना काय, तोंडानं मणी बसतात ह्यांचे. मी बाबांकडे बघितलं. बाबा पेपरात. मग मीही म्हटलं, "ने बाई. झाड जगलं पाहिजे. फक्त आधी सगळ्या तारा जोडायच्या आणि मग बटण दाबायचं, चालू ड्रायव्हरला तार लावायची नाही!"

तेवढ्यात पेपरच्या मागून बाबांनी लेकीला विचारलं, "तुझ्याकडच्या खुर्च्या कशा आहेत गं?"

"लाकडी, बाबा. जरा टोचतात. का हो?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद झाड घेऊन गेली, झाडाबरोबर दिवा गेला, आणि दिव्याबरोबर बाबा गेले, आपली खुर्ची घेऊन.