निळ्या झाकणाची बाटली

१९८४ साली पोटात नळी घालून तपासून घ्यायला मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. शेजारी एक नवरा-बायको होते.

“मी आत जाणार नाही. माझा अल्सर बरा झालाय.”

“कशानं?”

“तुझ्या ज्येष्ठमधाच्या अर्कानं. रोज चमचाभर चोरून घेतोय.”

“अहो! आमच्या प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला म्हणून तो अर्क घरी आणून ठेवला होता. उंदरांवर चाचणी चाललीय त्याची!”

“उंदरांचे एवढे लाड, मग मी काय घोडं मारलंय?”

“कुठली बाटली?”

“निळ्या झाकणाची.”

“त्यात नुसतं रंगीत पाणी होतं. निम्म्या उंदरांना तेच पाजतो, अर्काचा गुण खरा की नाही ते कळायला.”

“पण जळजळ थांबली ना!”

“तुमचा माझ्यावर फार विश्वास, म्हणून. व्रणाचाही आहे का, ते बघून या.”

“दाराशी थांबशील?”

“थांबते. उठा आता.”

पुढे त्या बाई माझ्या शेजारीच राहायला आल्या, तेव्हा बाकीचं कळलं. व्रण होताच; तो डॉक्टरांच्या गोळ्यांनी भरला. अर्काची मजल उंदरांपुढे गेली नाही. ते गृहस्थ म्हातारे होऊन गेले. बाई अजून निळ्या झाकणाच्या बाटलीत पाणी भरून ठेवतात. माझं पोट दुखलं, की त्यातलंच देतात.