खाली न ठेवायचा कप

(तुर्कस्तानातल्या उर्फा शहरातल्या एका जुन्या दगडी घराचं अंगण, संध्याकाळ. या घराचं आता पाहुणेघर झालंय. भिंतीकडेच्या गाद्यांवर गावातले वडीलधारे आणि पर्यटक बसलेत. मालक फेरित बेय, म्हणजे फेरितसाहेब, यांच्या हातात मिर्राचा, म्हणजे तिथल्या कडू कॉफीचा, रिकामा कप. वाढणारी गुलहान किटली घेऊन समोर उभी. तिचे वडील मुस्लुम उस्ता, म्हणजे उस्ताद, शेगडीपाशी बसलेत.)

फेरित: अगं, घे ना कप.

गुलहान: नाही घेत.

फेरित: नाही घेत म्हणजे? प्यायलो मी. पाहुण्यांना दाखवायचं होतं, दाखवून झालं. घे.

गुलहान: धरा की. बिनकानाचा एवढासा कप, तो काय जड होतोय?

फेरित: गुलहान, हसत बोल. सगळे बघतायत.

गुलहान: मी हसतेच आहे. घाम तुम्हाला फुटलाय.

फेरित: अंगणभर माणसं आणि कप हा एकच. तो फिरल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही. गाणारे खोळंबलेत. तिकडे कच्च्या कोफ्त्याचं मळणं संपत आलंय.

गुलहान: मळू देत अजून. मिरची चांगली मुरेल.

फेरित: पाहिजे काय तुला? पगार वाढवू?

गुलहान: पगाराचं नाव काढलं का मी? सकाळी सांगितलं तेच परत सांगते. ती लाल ओढणी माझ्या डोक्यावर येणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही.

फेरित: अगं, गंमत आहे ती! पाहुणा चुकून कप खाली ठेवतो, ढोल वाजतो, तुझ्या डोक्यावर ओढणी, त्याच्या शेजारी तू उभी, फोटो, टाळ्या. खोटं लग्न कुणाला चिकटतं का?

गुलहान: चिकटतं. परवा त्या उंच जर्मनाशी लावलंत, काल कुणा आजोबांशी. सकाळी भट्टीवर पाव घ्यायला आई गेली, तर बाया विचारतात, आज कोणता जावई? आई मान खाली घालून परत आली. पाव तिथेच विसरली.

फेरित: बायकांना काय, जिभेला हाड नाही.

गुलहान: त्यांच्या जिभेचं सोडा. आणि पाहुणा चुकून ठेवतो म्हणू नका. तुम्ही त्याच्या पुढ्यात तिवई सरकवता.

फेरित: हळू बोल!

गुलहान: माझ्या बाबांनी मिर्रा वाढताना कुणाच्या पुढ्यात तिवई राहू दिली नाही. का? तर परका माणूस चुकू नये म्हणून. आणि तुम्ही तो चुकावा म्हणूनच तिवया मांडता. पाहुण्याला फसवता, वर मला त्याच्या गळ्यात बांधता.

फेरित: हे बघ, दिवसभर मी त्यांना तलाव दाखवतो, बाजार दाखवतो, किल्ला दाखवतो. कितीही दाखवलं तरी संध्याकाळी विचारतात, आता काय? माणूस घरी जाऊन काहीतरी सांगेल, असं द्यायला नको?

गुलहान: द्या ना, पण मला नका देऊ. तलावातल्या पवित्र माशांना अजून कुणी हात लावलेला नाही, एखाद दिवशी तेही तळून वाढाल.

फेरित: तोंड सांभाळ. मालक मी आहे इथे.

गुलहान: मग मालकासारखे वागा. ठेवा कप खाली. तिवई आहेच शेजारी.

फेरित: ठेवीन!

गुलहान: ठेवा. समोर तुमचे मामा बसलेत. त्यांच्या ओळीत सगळे इथलेच आहेत. खाली ठेवला तर काय होतं, ते त्यांना माहीत आहे.

फेरित: मला शिकवतेस? वाढणाऱ्याच्या हातातच कप परत द्यायचा. खाली ठेवला, तर सोन्याने भरून द्यायचा, नाहीतर वाढणाऱ्याचं लग्न लावून द्यायचं. हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. याच अंगणात माझ्या आजोबांनी...

गुलहान: थांबलात का? बोला.

फेरित: काही नाही. म्हातारपणी विसरले आणि ठेवला खाली एकदा. अजून हसतात लोक.

उस्ता: विसरले नव्हते.

फेरित: काय म्हणालात, उस्ता?

उस्ता: तुमचे आजोबा विसरणारे नव्हते, बेय. वाढायला मीच होतो तेव्हा. हिच्या आईशी लग्न ठरत होतं आणि माझ्या खिशात फुटकी कवडी नव्हती. कुणी हातावर ठेवलं असतं तर मी घेतलं नसतं. फार माज होता मला. त्यांना तो ठाऊक होता. मिर्रा प्यायले, माझ्याकडे बघितलं, आणि कप सावकाश जमिनीवर ठेवला.

गुलहान: बाबा...

उस्ता: अंगणात एकच गलका झाला. ते म्हणाले, अरेरे, म्हातारा चुकला, आता भरपाई करणं आलं. आणि केली. मला मान वर करून नवरदेव होता आलं.

फेरित: हे कधी बोलला नाहीत.

उस्ता: त्यांनी चूक म्हटलं, म्हणून मीही चूकच म्हणत आलो. लोक त्यांना हसायचे आणि मी गप्प बसायचो. फार जड जायचं.

गुलहान: मलाही नाही सांगितलंत. ऐकलंत, फेरित बेय? आमचं घर या कपातून उभं राहिलं. त्याच कपावर तुम्ही मला रोज नवा नवरा आणता. मला लाज वाटते, पण माझी नाही. तुमची वाटते.

फेरित: बरं, बरं. उद्या बसून बोलू सगळं. आत्ता उस्ता, तुम्ही घ्या कप. मूळचे वाढणारे तुम्ही. तुम्ही घेतलात की कुणी बोट दाखवणार नाही.

गुलहान: बाबा, घेऊ नका.

फेरित: तू गप्प बस. उस्ता, तुमची नोकरी आणि हिची, दोन्ही ठेवायच्या असतील तर हात पुढे करा.

उस्ता: हा केला हात पुढे. बघा.

फेरित: अहो... हा थरथरतोय केवढा! कधीपासून?

उस्ता: बरेच दिवस झाले. म्हणून तर किटली पोरीच्या हातात दिली. ती शिकतेय, मी जरा विसावा घेतोय, असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. तुमचा कप या हातात टिकायचा नाही.

गुलहान: का दाखवलात हात? एवढ्या माणसांत?

उस्ता: बघू देत. लपवून लपवून कंटाळलो. आणि बेय, थरथरत नसता तरी घेतला नसता.

फेरित: तुम्हीसुद्धा, उस्ता?

उस्ता: तिचा बाप आहे मी. वाढला तिने. परत घ्यायचा की नाही, तिचं ती ठरवेल.

फेरित: मामा उठून उभे राहिले बघ. आता काय सांगू त्यांना?

गुलहान: त्यांना काही सांगायला नको, त्यांना कळलंय. पाहुण्यांना सांगा. माझ्या कानात नाही, मोठ्याने.

फेरित: अख्ख्या अंगणासमोर?

गुलहान: ओढणी अख्ख्या अंगणासमोरच टाकलीत ना माझ्यावर?

फेरित: ... मंडळी! जरा इकडे लक्ष द्या. आज ते लग्न होणार नाही. आज नाही आणि... आणि यापुढेही नाही. गाणाऱ्यांनी सुरू करा. आणि त्या तिवया उचला रे कुणीतरी. सगळ्या उचला. झालं समाधान?

गुलहान: आणि ओढणी?

फेरित: घेऊन जा घरी. तुझ्या आईला दे.

गुलहान: आईला कशाला? कोफ्त्याच्या परातीखाली घाला. मघापासून परात घसरतेय, मळणारा हैराण झालाय.

फेरित: घालतो. आता तरी घेशील? बोटं आखडली माझी.

गुलहान: आणा इकडे. अजून एक ओतू?

फेरित: नको बाई. तुझ्या हातून पुन्हा कप घ्यायची माझी छाती नाही. मामांकडे जातो, त्यांचं ऐकून घेतो.

गुलहान: जा. बाबा, तुम्ही धरा आता.

उस्ता: मी? मला कशाला? पाहुणे थांबलेत, त्यांना दे.

गुलहान: थांबतील. माझ्या हातची मिर्रा तुम्ही चार माणसांत बसून कधी प्यायलाच नाहीत. नेहमी आपलं, वासावरून कळते, म्हणता.

उस्ता: कळतेच. आज जरा जास्त उकळलीस.

गुलहान: मग पिऊन सांगा.

उस्ता: अगं, सगळे बघतायत. सांडेल.

गुलहान: सांडू दे, बाबा. खाली मात्र ठेवू नका.