यंत्रमानवाने आधी काय वाचवले

चहा येईपर्यंत सांगतो, पण हसण्यासारखे नाही.

किल्लारीचे माझे स्नेही माणिकराव यांची दृष्टी गेली आहे. परवा त्यांना दिवाळी अंकातील विज्ञानकथा वाचून दाखवीत होतो. कथेत पृथ्वी दुभंगते आणि एक यंत्रमानव पॅरिसच्या जगप्रसिद्ध कलासंग्रहालयातील चित्रे एकेक करून बाहेर आणतो.

माणिकरावांनी मला थांबवले. "मास्तर, आत माणसं न्हाई व्हती का?"

"एक म्हातारा पहारेकरी होता."

"त्याला कवा काढलं?"

"चित्रे काढून होईतो छत कोसळले. यंत्रच ते, त्याला काय कळणार?"

"मला तर कळत व्हतं," ते म्हणाले. "भूकंपात म्या आधी देव्हाऱ्यातले देव काढले. माय आतून हाका मारीत व्हती. माघारी गेलो, तवा हाक बंद झाली व्हती."

मी अंक मिटला.

देव वाचवले म्हणून नव्या गावाच्या मंदिरात आम्ही त्यांचा सत्कार केला होता. शाल घेताना ते ढसाढसा रडले. हे भक्तीचे अश्रू आहेत, असे सभेला मीच सांगितले होते.